व्हिडिओ गेममध्ये सैन्य आणि निमलष्करी दलं कितपत खरी दाखवतात?

बंदुकांपुरतं विचारत असाल, तर बऱ्यापैकी खरी. ‘आर्मा ३’ हा युद्धाचा गेम इतका हुबेहूब दिसतो की त्यातल्या क्लिपा युक्रेन युद्ध म्हणून फिरल्या आणि २०२२ मध्ये कंपनीलाच खुलासा करावा लागला. पण निमलष्करी दलांच्या कामाचं म्हणाल, तर जवळपास काहीच खरं नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

माझा थोरला भाऊ सीआरपीएफमध्ये, म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दलात आहे. छत्तीसगडच्या नक्षलग्रस्त बस्तरला पोस्टिंग असताना एकदा सुट्टीवर नाशिकरोडला घरी आला होता. माझा मुलगा मोबाइलवर बीजीएमआय हा बंदुकांचा गेम खेळत होता, दादा शेजारी बसून बघत होता. पोरगा जीप घेऊन रस्त्याने सुसाट निघाला. दादा पटकन म्हणाला, “अरे, पुढे आरओपी लागलीय का?” पोराला काही कळेना. मग दादाने सांगितलं, की आरओपी म्हणजे रोड ओपनिंग पार्टी. ती पहाटेच निघते, तीही डांबरीवरून नाही, दोन्ही बाजूंच्या झाडीतून. कोणाकडे डिटेक्टर, कोणाकडे कुत्रा. प्रत्येक मोरी वाकून बघायची, कारण सुरुंग तिथे असू शकतो. ताजी उकरलेली माती दिसली की सगळे जागच्या जागी थांबणार. रस्ता मोकळा झाला की गाड्या जाईपर्यंत दिवसभर उन्हात तिथेच पहारा. वर मलेरिया आहेच. पोराने विचारलं, “मग फायरिंग कधी?” दादा म्हणाला, “नाही झालं तर बरं.”

हे कुठल्या गेममध्ये आहे? तोफखान्याचंही तेच. जवळच देवळालीला तोफांचा सराव सुरू असला की आमच्याकडे तावदानं थरथरतात. गेममध्ये तोफ म्हणजे एक बटण. प्रत्यक्षात तोफेवरच्या जवानांना बहुतेकदा लक्ष्य दिसतसुद्धा नाही. पुढे ओपीवर, म्हणजे टेहळणीच्या ठाण्यावर बसलेला अधिकारी वायरलेसवर गोळा कुठे पडला ते सांगतो, त्यावरून दुरुस्ती होते आणि मग पुढचा गोळा सुटतो.

‘फौजी’ या भारतीय गेमवाल्यांनी लडाखमधल्या गलवानमध्ये बंदुका न दाखवता हाणामारी ठेवली, ते योग्यच केलं. जून २०२० मध्ये तिथे चिनी सैनिकांशी झालेल्या झटापटीत गोळी चाललीच नव्हती. पण एकटाच जवान सगळ्यांना लोळवतो, हे पटत नाही. तिथे अख्खी तुकडी लागते.

आमचा एक मावसभाऊ रात्र रात्र हे गेम खेळतो आणि लग्नात चार लोकांसमोर म्हणतो, “सीआरपीएफ म्हणजे पोलीसच की, खरी लढाई आर्मीची.” गृहमंत्रालयाखाली आहेत, हे खरं. पण ६ एप्रिल २०१० ला बस्तरमधल्या ताडमेटलाला नक्षल्यांच्या हल्ल्यात ७६ जवान गेले, त्यातले ७५ सीआरपीएफचे होते. १ जानेवारी २००४ नंतरही, २०२२ ला अग्निपथ येईपर्यंत, सैन्यात गेलेल्यांना जुनी पेन्शन राहिली; त्या तारखेनंतर सीआरपीएफमध्ये भरती झालेल्या पोरांना मात्र नवी लागू झाली. जंगल मात्र दोघांना सारखंच.

मी स्वतः वर्दी घातलेली नाही, सगळे गेमही खेळलेलो नाही, तेव्हा एखादा चांगला सुटला असेल. तुम्हाला खेळायचाच असेल तर ‘आर्मा ३’ची २०१७ ची ‘लॉज ऑफ वॉर’ ही गेमला जोडायची भर घ्या. तिच्यात तुम्ही सुरुंग निकामी करणारा माणूस असता. मावसभावाला मी तीच पाठवली आहे.