टाचेची शीर दुखत असताना बेल्टची परीक्षा द्यावी का? माझा अनुभव

वय ४६, सांगलीत मुलीच्या सोबतीने सुरू केलेला कराटेचा क्लास, सकाळी उठल्यावर पहिली दहा पावले लंगडत टाकावी लागणे, सहा आठवडे उलटूनही न गेलेले टाचेमागचे दुखणे आणि महिन्यावर आलेली ब्राऊन बेल्टची परीक्षा, हे आपण लिहिलेले वाचताना मला माझेच सात वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. तेव्हा मी ४७ वर्षांचा होतो, साताऱ्यात शिकत होतो आणि परीक्षाही याच बेल्टची होती. ‘एक इंजेक्शन घेऊन परीक्षा पार पाडावी का?’ असे आपण विचारले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही; आपला पाय तपासून घ्यावाच लागेल. परंतु हे इंजेक्शन घेऊ नका, असे मी कळकळीने सांगतो.

मी ते घेतले होते. ज्या दवाखान्यात गेलो त्याचे नाव घेत नाही. तिथे पाच मिनिटांत तपासणी झाली, सोनोग्राफी सुचवली गेली नाही आणि पोटरीचे स्नायू टाचेला जोडणाऱ्या शिरेजवळ, म्हणजे अकिलीस टेंडनजवळ, स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले. तिसऱ्या दिवशी दुखणे इतके थांबले की शीर बरी झाली असे मी धरून चाललो. दम वाढावा म्हणून रोज पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ पळत चढू लागलो आणि संध्याकाळी फरशीच्या हॉलमध्ये पूर्ण जोराने सराव करू लागलो. एकोणिसाव्या दिवशी पुढे झेप घेऊन ठोसा मारताना मागून कोणीतरी पोटरीवर काठी हाणल्यासारखे वाटले. मी वळून पाहिले, तर मागच्या रांगेतली पिवळ्या बेल्टची मुलगी माझ्यापासून चार हात लांब उभी होती. ‘तट्’ असा आवाज तिलाही ऐकू आला होता. पाय टेकता येत होता, पण चवड्यावर उभे राहता येईना. रात्री हाडांच्या डॉक्टरांनी मला पालथे झोपवून दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या. डावे पाऊल हलले, उजवे जराही हलले नाही. शीर पूर्ण तुटली होती. शस्त्रक्रिया, प्लास्टर आणि व्यायाम यांत चौदा महिने गेले, आणि त्यातले पहिले कितीतरी महिने पत्नीला मला स्कूटरवरून कामावर सोडावे लागले.

इंजेक्शनमुळेच शीर तुटली, असे मी ठामपणे म्हणणार नाही. ती आधीपासून झिजलेली असावी, असे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे मत पडले. मात्र अकिलीस टेंडनच्या आसपास स्टेरॉइड दिल्यास ती तुटण्याचा धोका वाढू शकतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला नवी नाही, आणि मला त्याबद्दल एक शब्दही सांगितला गेला नव्हता. त्याहून मोठे नुकसान असे, की मला थांबवणारी वेदनाच नाहीशी झाली आणि दुखऱ्या शिरेवर मी दुप्पट भार टाकला. पुढे कोणते औषध किती दिले याचा कागद मागितला, तेव्हा त्या दवाखान्याने मला तीन वेळा ‘उद्या या’ म्हणून परत पाठवले. तो कागद आजतागायत मिळालेला नाही. म्हणून कुठेही सुई टोचून घेण्यापूर्वी औषधाचे नाव लिहून घ्या.

आपल्या वयात स्नायू दोन महिन्यांत बळकट झालेले जाणवतात, पण शिरेला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ती फार सावकाश तयार होते. सारी गफलत या अंतरात होते. दुसऱ्या पायाची शीर पुढे कुरकुरू लागली तेव्हा फिजिओथेरपिस्टने मला पायरीवरचा व्यायाम दिला. दोन्ही पायांच्या चवड्यांवर वर जायचे, मग सगळे वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच पायरीखाली अगदी सावकाश उतरवायची. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा असे तीन फेरे, गुडघा किंचित वाकवून आणखी तीन, आणि हे सकाळ-संध्याकाळ १२ आठवडे. दिवसाचे १८० होतात; कंटाळा येतो, पण माझा पाय यानेच सुधारला. थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळचा ताठरपणा आदल्या दिवसापेक्षा वाढला, तर मात्र प्रमाण कमी करावे. तालमीतले कोणी शीर जोरात चोळून देतो म्हणाले, तर नम्रपणे नकार द्या. ओढून ताणण्याचाही मला उपयोग झाला नाही.

चढ काही महिने पूर्ण टाळा, कारण चढताना टाच खाली राहते आणि शीर ताणली जाते. साताऱ्यात आम्हाला यवतेश्वरचा घाट आणि किल्ला यांचाच मोह होतो. आपल्याला निदान चालायला सपाट रस्ते आहेत. क्लासला दोन दिवस, पायांच्या ताकदीच्या व्यायामाला दोन दिवस आणि त्यांच्यामध्ये विश्रांती, एवढे चाळिशीनंतर पुरेसे आहे, असे माझे मत आहे. सुरुवातीची दोरीवरच्या उड्यांची वीस मिनिटे चौदा वर्षांच्या मुलांसाठी असतात; त्या वेळेत आपण पायरीचा व्यायाम करावा.

जाता जाता आणखी एक. लघवीच्या संसर्गासाठी किंवा जुलाबासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लिहून दिले जात असेल, तर टाचेचे दुखणे डॉक्टरांना आधी सांगा. या गटातल्या प्रतिजैविकांमुळे शीर सुजण्याचा व तुटण्याचा धोका असल्याचा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये दिला. साठीपुढच्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांना तो धोका अधिक असतो.

परीक्षेबद्दल आपल्या सरांशी आजच बोला. मी माझ्या सरांपासून दुखणे लपवले, आणि नंतर त्यांनी एवढेच विचारले, की सहा महिन्यांनी बसला असतात तर काय बिघडले असते? आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला कराटेचे प्रात्यक्षिक दाखवायला गेले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती; आपल्या हाती अजून वेळ आहे.

दुखणे नेमके कुठे आहे, हे मात्र आपण लिहिलेले नाही. टाचेच्या हाडापासून दोन-तीन बोटे वर दाबल्यावर दुखते, की हाडाला चिकटून, हे पाहून कळवा. हाडाला चिकटून असेल, तर टाच पायरीखाली उतरवू नका. तोच व्यायाम सपाट जमिनीवर करावा लागतो.