क्रियापद कुणाचं?

प्रिय,

मुलगा म्हणून वाढवलेल्या मुलीची तुझी कथा तीनदा वाचली. चौथ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि पहिल्याच ओळीत अडकले : 'ते दारात आलं. ते थबकलं.' सोबतच्या चिठ्ठीत तू म्हटलंयस, 'तो लिहू की ती, कळेना. कुणाला दुखवायचं नव्हतं म्हणून ते केलं.' हेतू समजतो. पण मराठीत 'ते आलं' म्हणजे लेकरू, कोकरू, नाहीतर टिंगल. सिग्नलवर टाळी वाजवत येणाऱ्या बाईकडे बघून लोक हेच म्हणतात, 'ते बघ, आलं.' इंग्रजीत एकाच माणसाला 'they' म्हणायची सोय आहे, ती आपल्या नपुंसकलिंगात उतरत नाही. कुणी स्वतःसाठी 'ते' निवडलं असेल तर गोष्ट वेगळी. मग तेच लिहायचं. कारण क्रियापद त्या माणसाचं असतं, लिहिणाऱ्याचं नाही.

आणि तुझ्या नायिकेने तिचं क्रियापद सांगितलंय! चौथ्या पानावर ती मैत्रिणीला फोनवर म्हणते, 'पोचले गं.' तू लिहिलंस, पण ऐकलं नाहीस. निवेदक तटस्थ असतो वगैरे मला सांगू नकोस.

हे इतकं का रेटतेय? पंचवीसेक वर्षांपूर्वी माझी एक कथा दिवाळी अंकात आली होती. आठ पानं 'तो' आणि शेवटच्या ओळीत 'ती'. धक्का बसला, कौतुकाची पत्रं आली. मग एका कार्यक्रमानंतर एक तृतीयपंथी वाचक भेटली. म्हणाली, 'ताई, आठ पानं मला पुरुष म्हणून फिरवलंत आणि शेवटी साडी नेसवलीत. मी पहिल्या ओळीपासून तीच होते.' तेव्हा 'पारलिंगी', म्हणजे ट्रान्सजेंडर, हा शब्द माझ्या कानावरही आला नव्हता, हे खरं आहे. पण ती समोर उभी राहून 'मी होते' म्हणत होती. ते ऐकायला शब्दकोश लागत नाही. ती कथा मी संग्रहात घेतली नाही. बांधणी चांगली होती, अजूनही वाटतं. पण ती बांधणी तिच्या जिवावर उभी होती.

लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची, शस्त्रक्रियेचा हट्ट धरायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं. तुझ्या कथेत मात्र ऑपरेशनचे कागद सापडल्यावरच 'ते'ची 'ती' होते. क्रियापद तिचं आहे, डॉक्टरचं नाही.

आता मराठी काय देते ते बघ. 'मी भाजी आणली', 'मला भूक लागलीय', 'मी उद्या जाईन' : बोलणारा पुरुष की बाई, यातून कळत नाही. सणाला घरी आलेली ही मुलगी आईसमोर तीन दिवस अशीच बोलेल. 'मी दम...' म्हणून थांबेल आणि 'दमायला झालंय' म्हणेल. प्रत्येक वाक्य तोंडातून निघण्याआधी तपासायचं, याचा शीण कसा असतो ते लिही.

शिवाय गोष्ट कोल्हापूरकडची. तिथे तिची आईच 'मी येतो', 'मी जातो' म्हणते! जी मुलगी पुण्यात जाऊन हट्टाने 'येते' म्हणायला शिकली, तिला आईच्या तोंडचा तो बायकी 'येतो' कसा लागेल? ही जागा तुझ्या हातात होती. ती सोडून तृतीयपंथीयांच्या गुरूच्या घरातल्या मारहाणीवर चार पानं घातलीस. ती कुठून आली? कुणाच्या घरी जाऊन बसून ऐकलंस, की पडद्यावर पाहिलंस? पडद्यावरून असतील तर काढून टाक.

तिचा ऑफिसातला मित्र मात्र छान उतरलाय. 'घरी वाट बघतायत' एवढंच म्हणून निघतो, कोण ते सांगत नाही. त्याला हात लावू नकोस.

पहिलं पान परत लिही आणि पाठव. आईने दार उघडल्यावर ती काय म्हणते ते मला वाचायचंय. 'मी आले' म्हणते, की नुसतंच, 'आई, चपला कुठे काढू?'