प्रायव्हसीला गोपनीयता म्हणावं का? आणि सर्व्हेलन्स म्हणजे निगरानी की पाळत?

इथे इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंनी विचारलंय की त्यांची मुलगी वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गणपतीच्या वक्तृत्व स्पर्धेत तिला सर्व्हेलन्स टेक्नॉलॉजीवर कायद्याचा लगाम आणि प्रायव्हसीचा हक्क या विषयावर मराठीत बोलायचंय, पण कॉलेजात सगळं हिंदी-इंग्रजीत असल्यामुळे तिच्या तोंडात निजता आणि निगरानी बसलंय, तर ते मराठीत चालेल का, की गोपनीयता आणि देखरेख म्हणायचं?

ताई, मला विचाराल तर चारही नकोत. खासगीपणा आणि पाळत हे शब्द घ्या. का ते सांगतो.

निजता हिंदीत छान आहे, तिथे निजी म्हणजे स्वतःचं. आपल्याकडेही निजधाम, निजरूप आहेच, पण रोजच्या मराठी कानाला निजता म्हटलं की निजणं आठवतं, "निजता निजता पुस्तक वाचत होतो" असं. भाषणात ऐकणारा क्षणभर अडखळेल, एवढंच कारण.

गोपनीयतेला मात्र माझा खरा विरोध आहे. पेपरात सर्रास गोपनीयतेचा अधिकार असं छापतात, पण हा शब्द आपण एरवी कुठे वापरतो बघा ना, मंत्री पद आणि गोपनीयतेची शपथ घेतात, कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल असतो, म्हणजे हा सरकारचा शब्द आहे, सरकारने आपल्यापासून काय झाकायचं त्याचा. प्रायव्हसीचा हक्क याच्या बरोब्बर उलटा आहे, तिथे सरकारने आणि कंपन्यांनी आपल्या कुठल्या गोष्टीत डोकवायचं नाही हे ठरतं. आणि गोपनीय म्हटलं की लगेच समोरचा विचारतो, लपवण्यासारखं आहे तरी काय तुमच्याकडे?

लपवण्यासारखं काहीच नसतं हो. आमच्या गल्लीत समोरच्या घरी कॅमेरा लागला, चोऱ्या होत होत्या म्हणून लावला, त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्याचं तोंड थेट आमच्या ओट्यावर. आई तिथे रोज सकाळी मेथी निवडायला बसायची, महिन्याभरात ती आत स्वयंपाकघरात बसायला लागली. विचारलं तर म्हणाली, "कोणी बघतंय म्हणून नाही रे, पण सारखा पदर सावरत बसावं लागतं." मेथी निवडण्यात कसलं आलंय गुपित? पण तो तिचा वेळ होता, तिचा ओटा होता, तिचं खासगी होतं. गुपित फुटलं की संपतं, खासगी गोष्ट दहा जणांना माहीत असली तरी खासगीच राहते. आपलं दुखणं डॉक्टरला, घरच्यांना, औषधवाल्यालाही माहीत असतं, म्हणून काय ते चव्हाट्यावर मांडायचं?

शिवाय खासगी हा शब्द इंदूरकरांना कोणी शिकवायला नको. होळकरांच्या राज्यात दौलत म्हणजे राज्याची तिजोरी वेगळी आणि खासगी वेगळी, १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगीची वेगळी जहागीर दिली आणि पुढे अहिल्याबाईंनी देशभर देवळं, घाट बांधले ते याच खासगीतून, राज्याच्या तिजोरीतून नाही. म्हणजे राज्याचं कुठे संपतं आणि माणसाचं स्वतःचं कुठे सुरू होतं ती रेघ या शब्दात आधीपासूनच आहे, आणि सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात एकमताने तीच रेघ राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात, आहे असं सांगितलं. (खाजगी असंही लिहितात, चूक नाही, पण मूळ खास आहे म्हणून मी खासगी लिहितो.)

एक अडचण आहे. खासगी शाळा, खासगी बँक यामुळे "खासगी डेटा" म्हटलं तर कंपनीचा डेटा असंही वाटू शकतं. म्हणून माहितीपुरतं वैयक्तिक म्हणा, २०२३ च्या कायद्यालाही मराठीत डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाच म्हणतात. हक्काला खासगीपणा, माहितीला वैयक्तिक.

आता निगरानी. मराठीतही निगराणी आहे, पण तिच्यात काळजी आहे, आजारी माणूस डॉक्टरांच्या निगराणीखाली असतो. देखरेखीचंही तसंच, बांधकामावर असते. पहारा उघड असतो, पहारेकरी दिसतो. टेहळणी बुरुजावरून, लांबून, शत्रूची. पाळत मात्र माणसामागे आणि त्याच्या नकळत, आणि चोरसुद्धा "पाळतीवर" असतो, म्हणजे शब्दालाच चांगला वास नाही, आणि कायद्याला लगाम घालायचाय तो याच गोष्टीला. फाटकावर पाटी लावून बसवलेला कॅमेरा पहारा झाला, पण त्याच कॅमेऱ्याने चेहरे ओळखून कोण कधी आलं-गेलं याची नोंद कुणाला न सांगता साठवली की ती पाळत. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराने मे २०१९ मध्ये पोलिसांसकट शहराच्या सगळ्या खात्यांना चेहरा ओळखणारी यंत्रणा वापरायला बंदी केली, आणि पाळतीचं दुसरं कुठलंही साधन घ्यायचं तर आधी शहराच्या निवडून आलेल्या मंडळाची उघड मंजुरी हवी असं ठरवलं. चोरून काही नाही, हा त्यातला मुद्दा, आणि तो देखरेख शब्दात येतच नाही.

निगरानी एका ठिकाणी मात्र ठेवायला सांगा. इंदूरच्या हिंदी पेपरात रोज "निगरानी बदमाश" वाचतो ना आपण, ज्याचं नाव पोलिसांच्या यादीत आहे तो. त्या यादीची गोष्ट तिने भाषणात घ्यावीच, कारण ती आपल्याच राज्यातली आहे. गोविंद नावाच्या माणसाने मध्य प्रदेश पोलिसांच्या ८५५ आणि ८५६ या पाळतीच्या नियमांना आव्हान दिलं होतं, पोलीस रात्री-अपरात्री दार वाजवायचे म्हणून. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नियम रद्द केले नाहीत, पण ज्याच्यापासून समाजाला खरोखर धोका आहे त्याच्यापुरतेच वापरा असं बजावलं, आणि खासगीपणा हा हक्क असू शकतो हे तेव्हा गृहीत धरलं. त्याआधी १९६२ मध्ये खरक सिंगच्या खटल्यात उत्तर प्रदेश पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी कोर्टाने बंद केल्या होत्या, पण असा हक्क घटनेत नाही असंच म्हटलं होतं.

व्याकरणाचं एकच, "पाळत तंत्रज्ञान" असे दोन शब्द नुसते शेजारी ठेवू नका, ती इंग्रजीची रचना आहे. पाळत स्त्रीलिंगी आहे, तर पाळतीचं तंत्रज्ञान, पाळतीची साधनं, पाळतीवरचा कायदा. माणसावर पाळत ठेवतात, माणसाची पाळत करत नाहीत, हिंदीतल्या "निगरानी करना"मुळे इकडच्या मुलांची ही चूक हमखास होते.