आमच्या गावचा डीपी (वीज वाटणारा ट्रान्सफॉर्मर) दर रब्बीत जळतो. सेन्सर लावले तर आधी कळेल का?

हो, बऱ्याचदा कळतं. डीपी एका क्षणात जळाल्यासारखा वाटतो, पण आतलं कागदाचं इन्सुलेशन महिनोन्महिने भाजत असतं. वाइंडिंगचा, म्हणजे तेलात बुडालेल्या तारेच्या गुंडाळ्यांचा, सर्वांत तापलेला भाग ९८ अंशांच्या वर गेला, की पुढच्या दर ६ अंशांना साध्या कागदाचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून तेलाचं तापमान, तेलाची पातळी आणि तिन्ही फेजचा करंट एवढं मोजलं तरी पुष्कळ झालं. १०० केव्हीए क्षमतेच्या डीपीचा फुल लोड दर फेजला साधारण १३३ अँपिअर. एका फेजवर १६० आणि दुसरीवर ७० दिसत असतील, तर लोड तातडीने वाटून घ्या. वीज येताच ऑटो स्विचमुळे सगळे कृषिपंप एकदम सुरू होतात, तो झटकाही आलेखात स्वच्छ दिसतो, आणि रब्बीत मला पहिला संशय त्याचाच येतो. आकाशातून वीज पडली तर मात्र सेन्सर आधी काही सांगू शकत नाही.

फक्त इशारा थेट लाइनमनच्या मोबाइलवर गेला पाहिजे. ऑफिसातल्या स्क्रीनवर तो पडून राहिला, तर इकडे तेल गळतच राहतं.