सिम्युलेशन गेममधले वन्यप्राणी खऱ्यासारखे वागतात का?

शिकारीच्या किंवा जंगलावर बेतलेल्या सिम्युलेशन गेममध्ये दिसणारे प्राणी प्रत्यक्षात तसेच वागतात का आणि त्यांपैकी कोणता गेम वास्तवाच्या सर्वांत जवळ जातो, असे आपण विचारले आहे. माझे मत असे आहे की हे प्राणी अंगाने आता बरेचसे खरे झाले आहेत, निर्णयाने मात्र अजून झालेले नाहीत. हरणाची चाल, त्याचे कान टवकारणे, पाणी पिताना मध्येच मान वर करून पाहणे, यांत खोट काढणे आता अवघड आहे. परंतु पळायचे कधी, कोणापासून आणि किती दूर, हे खरे हरीण ज्या हिशेबाने ठरवते, तो हिशेब बहुतेक गेममध्ये अगदीच ढोबळ असतो.

सुरुवात 'द हंटर : कॉल ऑफ द वाइल्ड' या २०१७ साली आलेल्या गेमपासून करतो, कारण या विषयावर बोलताना त्याचेच नाव बहुधा आधी निघते. त्यात प्रत्येक प्राण्याला चरण्याच्या, पाणी पिण्याच्या आणि विश्रांतीच्या जागा नेमून दिलेल्या आहेत व तो दिवसभर त्यांच्यामध्ये फिरतो. माग आणि विष्ठा पाहून आपल्याला त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर आपला वास त्याला लागतो आणि सगळी मेहनत वाया जाते. वाऱ्याला दिलेले हे महत्त्व अगदी योग्य आहे. जंगलात फिरणारी माणसे वाऱ्याची दिशा आधी पाहतात, आणि सांबराच्या किंवा रानडुकराच्या बाबतीत आपण दिसण्यापेक्षा आपला वास जाणे अधिक घातक ठरते.

याच गेमची कमकुवत बाजू वेळापत्रकात आहे. एका अभयारण्यातल्या एका जातीच्या सगळ्या प्राण्यांची पाणी पिण्याची वेळ एकच असते आणि ती रोज तीच राहते, त्यामुळे काही काळ खेळल्यावर आपण लोकलची वेळ पाहून स्टेशनवर जावे तसे पाणवठ्यावर जाऊ लागतो. एखाद्या जागी फार शिकार झाली तर प्राणी ती जागा सोडून देतात, इतपत शहाणपण गेमने त्यांना दिले आहे. पण खरा प्राणी पुष्कळदा जागा सोडत नाही, वेळ बदलतो. सहा खंडांतल्या ६२ सस्तन प्रजातींवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात माणसाच्या वावरामुळे प्राणी अधिकाधिक निशाचर होत असल्याचे स्पष्ट दिसले. ज्या माळावर दिवसा माणसे आणि गुरे असतात, तिथली रानडुकरे रात्री येतात. हे ज्या गेममध्ये उतरेल, तो खेळाडूला खऱ्या अर्थाने अवघड जाईल.

आता पळण्याविषयी, कारण माझ्या दृष्टीने खरी परीक्षा इथे आहे. गेममधल्या हरणाच्या सहसा तीनच अवस्था असतात : निवांत, सावध आणि पळत. ठरावीक आवाज किंवा ठरावीक अंतर ओलांडले की एका अवस्थेतून दुसरीत उडी पडते. प्राणी विशिष्ट अंतरापर्यंत माणसाला जवळ येऊ देतो आणि मग पळतो, ही गोष्ट स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी फार पूर्वी मांडली होती, आणि गेमवाल्यांनी जणू तेवढीच उचलली. पुढे १९८६ साली यडेनबर्ग आणि डिल या संशोधकांनी दाखवले की हे अंतर ठरलेले नसते. पळण्यालाही किंमत आहे. चारा सुटतो, ताकद खर्च होते. म्हणून धोका दिसताच प्राणी पळत नाही. थांबण्याची जोखीम पळण्याच्या खर्चाहून जास्त झाली की पळतो. ताडोब्यात जिप्सी शेजारून गेली तरी चितळ चरणे सोडत नाही, आणि तेच चितळ पायी चालणारा माणूस दुरून दिसला तरी बिथरते. गाडी आणि माणूस यांत कोण काय करते, हे त्याने अनुभवाने शिकलेले असते.

याहूनही नवलाची गोष्ट म्हणजे चितळाला वाघ दिसला, तर ते पुष्कळदा पळतच नाही. शेपटी वर करून, पुढचा पाय जमिनीवर आपटत, वाघाकडेच तोंड करून ते ओरडत राहते. त्यात कळपाला इशारा असतो आणि वाघालाही निरोप असतो की तू दिसला आहेस, आता दबा धरून उपयोग नाही. दबा धरूनच शिकार करणाऱ्या जनावराला हा निरोप नेमका कळतो आणि तो बहुधा निघून जातो. झाडावरचे वानर ओरडते, खालचे चितळ मान वर करते, दूरवर सांबर एकदाच 'पोंक' करते, आणि गाइड गाडी बंद करून कानोसा घेतो. विदर्भात सफारीला गेलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे. एका जातीच्या आवाजावर दुसऱ्या जातीने भरवसा ठेवावा आणि तिसऱ्याने, म्हणजे आपण, त्यावरून न दिसणाऱ्या वाघाची वाट ओळखावी, असा अनुभव मला आजवर एकाही गेमने दिलेला नाही. तंत्राच्या दृष्टीने हे फार कठीण असेल असे मला वाटत नाही. कोणी ते महत्त्वाचे मानले नाही, इतकेच.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर होणाऱ्या प्राणिगणनेसाठी मी मचाणावर बसलो आहे. रानडुकरे येतात ती गोंगाट करत, थेट पाण्यात. सांबर तसे करत नाही. ते झाडीच्या कडेला येऊन उभे राहते, एक पाय पुढे टाकते, तोच मागे घेते, पाय आपटते, पुन्हा आत जाते आणि बराच वेळ गेल्यावर दुसऱ्याच बाजूने प्रकट होते. काही वेळा पाणी न पिताच परतते. गेममध्ये एवढा वेळ काहीच न घडणे निर्मात्यांना परवडत नाही, आणि मला त्यात त्यांचा दोषही वाटत नाही, कारण पैसे देऊन घेतलेल्या करमणुकीत कोण किती वाट पाहील?

हिंस्र प्राण्यांच्या बाबतीत मात्र मी इतका उदार नाही. 'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८) मध्ये सुमारे दोनशे जातींचे प्राणी आहेत. त्यातले अस्वल कधी कधी नुसतेच अंगावर धावून येऊन थांबते, मेलेल्या जनावरावर गिधाडे उतरतात, ते शव पुढे सडतही जाते; हे सगळे उत्तम निरीक्षणातून आले आहे. पण त्यातले लांडगे घोडेस्वार दिसला की टोळीने तुटून पडतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ आणि १९९६ साली कॅनडातून आणलेले ३१ लांडगे सोडण्यात आले. तेव्हापासून तिथे लाखो माणसे येऊन गेली, तरी त्या उद्यानात लांडग्याने माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. माणूस दिसला की लांडगा वाट बदलतो. हे दाखवले तर खेळातला थरार कमी होतो, म्हणून दाखवत नाहीत, आणि लांडग्याची बदनामी चालूच राहते.

म्हणूनच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर 'वूल्फक्वेस्ट' हे आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा प्राणिसंग्रहालयाच्या सहभागातून २००७ साली आलेल्या या गेममध्ये आपण यलोस्टोनमधला लांडगा होतो. एल्क या मोठ्या हरणांच्या कळपात कोणामध्ये ताकद कमी आहे हे आधी हेरावे लागते. धडधाकट एल्क लाथा घालून आपल्यालाच जायबंदी करते. पाठलाग फसतात, आणि ते फसणे वास्तवाला धरूनच आहे. शिकार साधलीच तर अस्वल येऊन ती बळकावते. पुढे हद्द मूत्राने आखावी लागते, शेजारच्या टोळ्यांशी गाठ पडते आणि पिल्ले वाढवताना काही दगावतात. टोळीच्या प्रमुखाने बाकीच्यांना मारून-झोडून राज्य करावे, हा बंदिस्त लांडग्यांवरून रूढ झालेला समज इथे नाही; टोळी म्हणजे आईबाप आणि त्यांची मुले, हे लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी रानातल्या लांडग्यांविषयी मांडलेले चित्र आहे.

आपला भर शिकारीपेक्षा निरीक्षणावर असेल तर याच गेमची नंतर आलेली 'ॲनिव्हर्सरी एडिशन' घ्यावी. चित्रण आणि प्राण्यांचे वागणे, दोन्ही बाबतींत ती मूळ आवृत्तीच्या बरीच पुढे आहे. 'द हंटर' आधीच घेतलेला असेल तर एखाद्या संध्याकाळी बंदूक न उचलता पाणवठ्याकडून वारा आपल्याकडे येईल अशा बाजूला बसून राहावे आणि एकाच हरणावर नजर ठेवावी. ते कोणत्या क्षणी आणि कशामुळे मान वर करते, हे पाहिल्यावर त्याच्या वागण्यात किती विचार घातला आहे, याचा अंदाज आपल्याला स्वतःलाच येईल.