पऱ्हाटीतून करिअर होईल का?

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले कापूस उत्पादक. मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पऱ्हाटीपासून (कापसाच्या वाळल्या झाडांपासून) नॅनोसेल्युलोज बनतं, त्यातच पुढे शिकायचं म्हणते. एका खासगी 'नॅनो' कोर्सची फी आवाक्याबाहेरची आहे. त्यापेक्षा बी.एड. बरं का?

उत्तर : भाऊ, मुलीने विषय फार चांगला निवडला आहे. तो कोर्स मात्र घेऊ नका.

नॅनोसेल्युलोज म्हणजे झाडातल्या सेल्युलोज या तंतुमय पदार्थाचे अतिसूक्ष्म तंतू. असा नॅनो तंतू वजनाला हलका आणि ताकदीला जबर. अडचण त्याच्या पृष्ठभागाची. तिथले हायड्रॉक्सिल (OH) गट पाण्याचे सोबती, म्हणून मक्यापासून होणाऱ्या पॉलिलॅक्टिक ॲसिडसारख्या प्लास्टिकमध्ये तो नीट मिसळत नाही. घाईत कालवलेल्या बेसनासारख्या गुठळ्या होतात. त्यावर एक उपाय म्हणजे ॲसिटिलेशन, म्हणजे त्या हायड्रॉक्सिल गटांवर ॲसिटिल गट बसवणं. मुलीला विचारा, सॅलिसिलिक ॲसिडवर ॲसिटिक अनहायड्राइड घालून ॲस्पिरिन केलंय का? तीच क्रिया इथे तंतूच्या फक्त वरच्या थरावर करायची, आतला स्फटिक न बिघडवता. खरं कसब या 'फक्त'मध्ये आहे.

टोकियो विद्यापीठात इसोगाई आणि साइतो यांनी टेम्पो नावाचा उत्प्रेरक वापरून तंतूच्या पृष्ठभागावर ऋणभार असलेले कार्बोक्सिलेट गट आणले. या ऋणभारामुळे तंतू एकमेकांना ढकलतात आणि मग पाण्यात थोडं घुसळलं की जेमतेम ३-४ नॅनोमीटर जाडीचे सुटे होतात. या कामाला २०१५ चं मार्कस वॉलनबर्ग पारितोषिक मिळालं. पाया तोच, सेंद्रिय रसायनशास्त्राचा! म्हणून तिने साधी, भक्कम एम.एस्सी. करावी: सेंद्रिय किंवा पॉलिमर केमिस्ट्रीत. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा आहे, मुंबईत माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेचाही विचार करा. माटुंग्यातच सिरकॉट ही कापसावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना आहे. एम.एस्सी.चा प्रकल्प तिथे करता येईल का, हे तिने स्वतः पत्र लिहून विचारावं.

नोकरीचं स्पष्ट सांगते. निव्वळ नॅनोसेल्युलोज बनवणाऱ्या कंपन्या आपल्याकडे थोड्या. पण पृष्ठभागाची केमिस्ट्री येणारी व्यक्ती रंग, कागद, पॅकेजिंग, वस्त्ररसायनं, सगळीकडे लागते. संशोधनच करायचं तर पीएच.डी. अटळ, म्हणजे आणखी पाचेक वर्षं. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात, तेव्हा तो भार तुमच्यावर येणार नाही. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं.

जॅम फेब्रुवारीत असते, अर्ज त्याच्या कितीतरी आधी भरावे लागतात. या आठवड्यात तिला तारखा बघायला सांगा.