वीज आली, आनंद आला आणि गेलाही

"मॅडम, मी कृतघ्न आहे का हो?" खुर्चीत नीट टेकण्याआधीच त्यांनी विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

हिमवादळात त्यांच्या घरी दोन रात्री वीज नव्हती. नवरा, मुलं, सासूबाई असे सगळे एकाच खोलीत, दाराच्या फटीत चादरी कोंबून, घरात होतं नव्हतं ते पांघरूण अंगावर घेऊन. सासूबाईंचे हात गार पडत, म्हणून या तासातासाला उठून चाचपून बघत. तिसऱ्या पहाटे फ्रीज घुर्रकन सुरू झाला, हीटरची ऊब आली आणि या ढसाढसा रडल्या.

"तेव्हाच ठरवलं, आता कशाबद्दलही कुरकुर करायची नाही. आणि आठच दिवसांत हीटरच्या बिलावरून घर डोक्यावर घेतलं!"

आजारातून उठलेली माणसंही मला नेमकं हेच विचारतात.

"अंगावरचा स्वेटर मी बोलेपर्यंत जाणवत होता का?" मी विचारलं. त्या हसल्या. जे कायम असतं त्याची दखल मेंदू घेईनासा होतो. यात स्वभावाचा दोष नाही, मेंदू असाच चालतो. दोन दिवसांत उतरलेला आनंद खोटा ठरत नाही.

पण मला कुठेतरी खटकत होतं. झोप कशी लागते, असं विचारल्यावर कळलं की उशाशी अजून टॉर्च असते आणि रात्रीतून दोनदा उठून त्या हीटरवर हात ठेवून बघतात. म्हणजे बिलाच्या भांडणात निम्मी तर भीतीच होती. भ्यालेल्या माणसाला 'कृतज्ञ राहा' म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं. म्हणून आधी भीतीचं पाहिलं: जादा पांघरुणं, टॉर्च, चार्ज केलेली बॅटरी एका पेटीत, आणि वीज गेलीच तर सासूबाईंना कुठे न्यायचं ते आजच ठरवून ठेवायचं. पेटी भरल्यावर रात्रीचं उठणं कमी झालं.

मगच कृतज्ञतेकडे वळलो. कशाकशाबद्दल कृतज्ञ आहोत याची रोज यादी लिहायला मी सांगितलं नाही. तिचा लवकरच गृहपाठ होतो. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काहींना जोडीदार कसा भेटला ते लिहायला सांगितलं होतं, तर काहींना तो भेटलाच नसता तर, हे. दुसरा गट नात्याबद्दल अधिक समाधानी निघाला. तसंच यांना सांगितलं, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं बसा आणि ती वीज तिसऱ्या पहाटेही आली नसती तर, हे लिहा.

पुढच्या वेळी वहीत एकच ओळ होती: 'त्या वाऱ्यात खांबावर कोण चढलं असेल?' दोन रात्री तक्रारीच्या फोनवर आपण ज्यांना शिव्या घालत होतो, ती माणसंही गारठत होती, हे त्यांना पहिल्यांदाच सुचलं होतं.

"आणि बिल?" मी विचारलं.

"कालच वाजलं पुन्हा," त्या म्हणाल्या. "पण भांडण संपेपर्यंत हीटर कुणी बंद केला नाही."